स्रेतेनमामाचे बूट

स्तामेनाने खिडकीचा पडदा दोन बोटांनी बाजूला केला, तेव्हा खाली फाटकात गोयको तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मिठी मारत होता. मिठी इतकी मनापासूनची होती की ओब्रादचा चष्मा नाकावरून सुटून खाली पडला, आणि गोयको इतका गहिवरला होता की त्याचा बूट नेमका त्या चष्म्यावर पडला.

"अरेरे!" गोयको म्हणाला. ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. गोयकोचं सगळंच वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत असे. "माफ करा हं, डॉक्टर. आनंदाच्या भरात पाय कुठे पडतो ते कळत नाही बघा."

ओब्रादने वाकून काचांचे तुकडे चाचपले, वाकलेल्या काड्या रुमालात गुंडाळल्या आणि रुमाल खिशात ठेवला.

"काही हरकत नाही," तो म्हणाला.

ओब्राद गुरांचा डॉक्टर होता. गायीने लाथ मारली तरी तो "काही हरकत नाही" असंच म्हणायचा, आणि मग शांतपणे तिला सुई टोचायचा. गावातल्या बऱ्याच लोकांनी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.

फाटकाबाहेर वऱ्हाडाच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. प्रत्येक गाडीच्या आरशाला पांढरा टॉवेल, प्रत्येक पाहुण्याच्या कोटाला रोजमेरीची काडी. ट्रंपेटवाले गालांत हवा भरून तयार होते. आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. फाटकालगतच्या अक्रोडाच्या शेंड्याला एक लांब काठी बांधलेली होती, आणि काठीच्या टोकाला एक लाल सफरचंद.

ड्रेनोवाक गावात नवरदेव सफरचंद पाडल्याशिवाय नवरीच्या अंगणात पाऊल टाकत नाही, आणि सफरचंद पडल्याशिवाय नवरी उंबऱ्याबाहेर येत नाही. गावातल्या प्रत्येकाच्या बापाने ते पाडलेलं होतं. कुणी पहिल्या गोळीत, कुणी शेजाऱ्याचं धुराडं फोडून झाल्यावर. अगदीच जमेना तर वऱ्हाडातला कुणीही मदतीला येई, आणि तेही जमेना तर कुणीतरी हळूच झाड हलवी आणि बाकीचे सभ्यपणे राकियाच्या बाटलीकडे बघत. पण आज स्तामेनाच्या भावाने, मिलुतिनने, आजोबांच्या वेळचा नियम उकरून काढला होता: गोळ्या तीन, आणि सफरचंद वरच राहिलं तर वऱ्हाडाने गाड्या वळवायच्या. असा नियम होता हे खुद्द आजोबांना ठाऊक नसावं, पण ते आता सांगायला येणार नव्हते.

मिलुतिनचं म्हणणं साधं होतं. मेहुणा म्हणून त्याला लाकूड कापण्याच्या गिरणीचा मालक हवा होता, म्हणजे गोयको. गुरांचा डॉक्टर त्याला फक्त गाय आजारी पडली की हवा असायचा.

आणि गोयको काही परका नव्हता. दोन वर्षं स्तामेना त्याच्याबरोबर फिरली होती. बंदूक धरायला त्यानेच तिला शिकवलं होतं: हनुवटी आत, श्वास अर्धा सोडायचा आणि मग बोट. तिलाही तो आवडत असे, हे खोटं नाही. मग एका रविवारी दुकानात पाव घ्यायला गेली असताना दुकानदारीणबाईंनी तिचं अभिनंदन केलं, तेव्हा तिला कळलं की तिच्या लग्नाची तारीख ठरली आहे. गोयकोने ती आदल्या दिवशी खानावळीत जाहीर केली होती. तिला सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच. तिने पाव घेतला, घरी आली, आणि त्यानंतर गोयकोशी बोललीच नाही.

जिन्यावर जड पावलं वाजली. दारावर टकटक न करता आत येणारा माणूस गावात एकच होता.

"तुझ्या दादाने पाठवलंय," गोयको म्हणाला. "काडतुसं तुझ्या बाबांच्या कपाटात आहेत म्हणे."

"कपाट तुला ठाऊक आहे."

त्याने मोजून तीन काडतुसं घेतली आणि तळहातावर खुळखुळवली. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती, बोटांवर ताजे ओरखडे.

"छान दिसतेस."

"तुझ्यासाठी नाही."

"ते संध्याकाळी बघू." तो खिडकीशी आला आणि खाली बघत, हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखा बोलू लागला. "तो आता आंधळाच झालाय. पहिली गोळी ढगात जाईल, दुसरी ढगात जाईल. तिसरीला मी म्हणेन, द्या इकडे डॉक्टर, मदत करतो. एकदा बंदूक माझ्या हातात आली की काय पाडायचं आणि काय नाही, ते मी ठरवणार. मग ते जातील. आणि इथे बघ, डुकरं भाजून झालीत, सार्मा शिजलाय, पाहुणे बसलेत, बँड आलाय. फक्त नवरदेव बदलायचा. तुझ्या आईचं एक पातेलंसुद्धा वाया जाणार नाही."

"खानावळीत सांगून आलास वाटतं?"

गोयको किंचित लाजला. "थोडंसं."

स्तामेनाने केसांतली पिन काढली आणि पुन्हा खोचली. पहिल्यापेक्षा जोरात.

"आणि एक सांगू, स्तामे?" दारातून वळून तो म्हणाला. "चष्म्याशिवाय त्याला तू आणि तुझा स्रेतेनमामा यांत फरक कळायचा नाही."

तो गेला. स्तामेना उभीच राहिली. मागच्या दाराने निघून जाणं सोपं होतं. मागे आलुबुखारांची बाग, बागेपलीकडे रस्ता, रस्त्यावर ओब्रादच्या चुलत्याची गाडी. कुणी अडवलं नसतं. पण मग गाव म्हणालं असतं, पळून गेली. पुढची चाळीस वर्षं दुकानात, चर्चच्या पायरीवर, मयताच्या जेवणात आईने तेच ऐकलं असतं. आणि स्तामेनाला पळायचं नव्हतंच. तिला समोरच्या फाटकातून जायचं होतं, चालत, आणि बँड वाजत असताना.

खाली गोळीचा आवाज झाला.

ती खिडकीशी धावली. ओब्राद फाटकाबाहेर बंदूक धरून उभा होता, बापाची छत्री धरलेल्या मुलासारखा. नळी आभाळाकडे होती. अक्रोडावरचे कावळे उडाले, सफरचंद जागच्या जागी होतं.

"ढगाला लागली!" मिलुतिन ओरडला. "डॉक्टर, पाऊस पाडताय की सफरचंद?"

अंगणातले लोक हसले. फाटकाबाहेरचे हसले नाहीत. गोयको कोटाची बटणं सोडत पुढे आला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेता..."

"थांबा थांबा," ओब्राद म्हणाला. तो सहसा मोठ्याने बोलत नसे, पण आता त्याचा आवाज चढला आणि तोंड वरच्या खिडकीकडे वळलं. "मी गोळ्या मारतोय ते कशासाठी, ते तरी बघू द्या! नवरी दाखवा आधी. माल न बघता आमच्याकडे बोकडसुद्धा घेत नाहीत!"

अंगणात एकदम उत्साह पसरला. नवरी मागितली की खोटी नवरी बाहेर आणायची, हे ड्रेनोवाकातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि खोटी नवरी म्हणजे स्रेतेनमामा. वीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात तोच जुन्या पडद्याचा पदर तोंडावर घेऊन, छातीत दोन भोपळे कोंबून, आपले शिकारीचे बूट आपटत बाहेर येई, नवरदेवाच्या गळ्यात पडे, आणि नवरदेव "ही आमची नव्हे!" म्हणून ओरडला की पदर वर करून मिशा दाखवी. खरं तर हा खेळ सफरचंद पडल्यानंतरचा. पण मिलुतिन खुशीत होता.

"आणा!" तो म्हणाला. "आणा मामाला! जाता जाता तेवढी तरी करमणूक होऊ द्या पाहुण्यांची."

स्तामेनाने पडदा सोडला आणि जिना उतरली.

कोठीच्या खोलीत स्रेतेनमामा धुरी दिलेल्या डुकराच्या मांडीचे काप खात बसला होता. पोशाख बाजूच्या खुर्चीवर, भोपळे मांडीवर.

"मामा, तुझा पोशाख दे."

मामाने तिच्याकडे बघितलं. चावणं थांबवलं नाही.

"आणि मी काय करू?"

"तू इथेच बस. मांस आहे, राकिया आहे."

"वीस वर्षं मी नवरी होतोय," मामा म्हणाला. "एकानेही घरी न्यायची तयारी दाखवली नाही. जा बाई. तू तरी जा." आणि त्याने भोपळे तिच्या हातात दिले.

खोटा पोशाख खऱ्या पोशाखावर चढला. मामाच्या आकारमानाचा तेवढा उपयोग झाला. पडद्याचा पदर तोंडावर आला तेव्हा जग निळ्या फुलांचं दिसू लागलं. ती दाराकडे वळली, तर दारात आई. नवरा गेल्यापासून पेर्सिदाबाई पंधरा वर्षं या घरात मुलाच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. त्यांनी मामाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मुलीच्या पायांतल्या पांढऱ्या सपातांकडे बघितलं.

"बूट," त्या म्हणाल्या.

मामाने बूट काढून दिले. स्तामेना बाहेर पडली आणि पाठीमागे आईने कोठीला बाहेरून कडी घातल्याचा आवाज तिने ऐकला.

अंगणात हशा उसळला. बँडने मामाची नेहमीची उडत्या चालीची धून धरली. स्तामेना बूट आपटत, कंबर हलवत फाटकाकडे निघाली. मामाला बघत बघतच ती लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे काही शिकावं लागलं नाही. वाटेत एका म्हाताऱ्याने तिला चिमटा काढला, तिने त्याला कोपर मारलं, म्हातारा खूश झाला.

"मामा, आज कमी खाल्लंस की काय?" कुणीतरी ओरडलं. "वाळलास!"

ती फाटकापर्यंत गेली आणि आतल्या बाजूनेच ओब्रादसमोर उभी राहिली. तो डोळे बारीक करून बघत होता. निळ्या फुलांमधून तिला त्याच्या नाकावरच्या चष्म्याच्या दोन लाल खुणा दिसल्या, आणि तिचा हात आपोआप वर गेला. गेलं वर्षभर ओब्रादचा घसरलेला चष्मा वर सरकवण्याचं काम तिचंच होतं. बोट त्याच्या नाकापर्यंत पोहोचलं आणि तिथे सरकवण्यासारखं काही नाही हे लक्षात येऊन थांबलं.

"काय डॉक्टर?" मिलुतिनने विचारलं. "तुमची आहे का ही?"

आता ओब्रादने "ही आमची नव्हे" म्हणायचं होतं. सगळं अंगण त्यासाठी श्वास धरून होतं, मग हसायचं होतं. पण ओब्रादने हातातली बंदूक उचलली आणि खोट्या नवरीच्या हातात दिली.

"मला तर काही दिसत नाही," तो म्हणाला. "मामाच मारू देत. ज्यांचं कुलूप, त्यांचीच किल्ली."

लोक टाळ्या वाजवू लागले. हे नवीन होतं. मिलुतिनने क्षणभर विचार केला. मामाला घरातला रांजण दिसत नाही, तो त्यावर आपटतो; आणखी एक गोळी ढगात जाणार असेल तर काय वाईट?

"मारा मामा!"

स्तामेनाने बंदूक खांद्याला लावली. हनुवटी आत घेतली, पदराखाली श्वास अर्धा सोडला. गोळी सुटली. सफरचंद थरथरलं, त्यातून रसाचे थेंब उडाले, आणि ते तसंच लटकत राहिलं. मधोमध भोक पडलेलं, आणि भोकातून आभाळ दिसणारं.

हशा थांबला. एकाने "ओहो!" म्हटलं. स्रेतेनमामाचा नेम लागला, हे पचवायलाच गावाला वेळ लागत होता. सफरचंद का पडलं नाही, इथपर्यंत कुणी अजून पोहोचलं नव्हतं. स्तामेना पोहोचली होती. तिला गोयकोच्या अंगठ्यावरची पट्टी आठवली, बोटांवरचे ओरखडे आठवले.

गोयकोही पोहोचला होता, पण दुसरीकडे. सगळ्या जमावात तो एकटाच सफरचंदाकडे बघत नव्हता. तो खोट्या नवरीच्या हनुवटीकडे बघत होता. दोन ढांगांत तो तिच्याजवळ आला आणि त्याने बंदुकीची नळी धरली.

"शाब्बास मामा," तो मोठ्याने म्हणाला. "आता शेवटची माझी." आणि पदराजवळ तोंड नेऊन, फक्त तिला ऐकू जाईल असं, "स्तामे, गुपचूप आत जा. तुझा दादा जीव घेईल."

"ओरड की," पदराआडून आवाज आला. "सांग सगळ्यांना मी कोण आहे ते. मग मीही विचारते, आरपार भोक पडूनही सफरचंद वर कसं? दोनशे माणसं वर बघतील. मग शिडी आणतील."

गोयकोच्या मानेवरची शीर फुगली.

"त्याने ओळखलं तरी का तुला?" तो पुटपुटला. "मी ओळखलं. एका गोळीत ओळखलं. विचार कर."

तिने खरोखरच विचार केला. एक क्षणच, पण केला. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

"तू नेम ओळखलास," ती म्हणाली. "तुझाच आहे म्हणून. हात सोड."

त्याने हात सोडला. सोडला नसता तर काय झालं असतं, हे पुढे खानावळीत बऱ्याचदा चघळलं गेलं. पण नळी तेव्हा त्याच्या छातीच्या उंचीवर होती आणि स्तामेनाचं बोट घोड्यावर होतं, एवढं तरी सर्वमान्य आहे.

तिने पुन्हा हनुवटी आत घेतली. या वेळी सफरचंदावर नेम धरलाच नाही. त्याच्या वीतभर खाली, जिथे काठी बोटाएवढी बारीक होत होती, तिथे धरला.

काठीचं टोक मोडून फांद्यांमधून आपटत, आदळत खाली आलं आणि फाटकाच्या मधोमध पडलं. टोकाला सफरचंद होतं. सफरचंदाच्या पोटातून, देठापासून बुडापर्यंत, जाड तार गेलेली होती आणि काठीला नीट पीळ देऊन बांधलेली होती. मोठं सुबक काम होतं. लाकडाच्या गिरणीत असतात तशा पक्कडीशिवाय असा पीळ बसत नाही.

ट्रंपेटवाल्यांनी ट्रंपेट खाली घेतले. वऱ्हाडातली मोठी माणसं तारेकडे बघत होती, मग मिलुतिनकडे, मग पुन्हा तारेकडे.

"हे चालणार नाही," मिलुतिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "काठी पाडली, सफरचंद नाही. आणि मामा आपल्या बाजूचा. आपल्याच माणसाने पाडलेलं धरत नाहीत."

"काय धरत नाहीत?" घराच्या ओट्यावरून आवाज आला.

स्रेतेनमामा मोज्यांवर उभा होता. हातात मांसाचा काप, मिशांना चरबी. त्याच्यामागे पेर्सिदाबाई, हात एप्रनमध्ये गुंडाळलेले.

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मग सगळ्यांनी, एकाच वेळी, फाटकातल्या नवरीच्या पायांतल्या मामाच्या बुटांकडे बघितलं.

स्तामेनाने पदर वर केला. त्याखाली मिशा नव्हत्या. तिने छातीतले भोपळे काढून एकेक करून फाटकाच्या खांबावर ठेवले. मग वाकून काठीचं टोक उचललं आणि गोयकोपुढे धरलं.

"घे. तार तुझी आहे ना?"

गोयकोने ते घेतलं. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. तो अंगणात इतक्या माणसांमध्ये भोकाचं सफरचंद हातात धरून उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काहीही कुणाला ऐकू आलं नाही.

ती भावाकडे वळली. मिलुतिन फाटकाच्या मधोमध उभा होता.

"दादा, हात दे."

"काय?"

"नवरीला बाहेर नेऊन सोडायचं काम भावाचं असतं. आजोबांच्या वेळचा नियम आहे."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू वऱ्हाडातलं नव्हतं. मिलुतिनने ओट्यावर आईकडे बघितलं. आई त्याच्याकडे बघत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिने नजर खाली केली नाही. त्याने कोपर वाकवलं. स्तामेनाने त्यात हात घातला आणि दोघं चार पावलं चालली, तो एखाद्याला दाढ काढायला नेतात तसा, ती सरळ.

"वाजवा रे!" तिने ट्रंपेटवाल्यांना सांगितलं. "पैसे घेतलेत ना?"

गाडी चुलता चालवत होता आणि मागे बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत येत होत्या. स्तामेनाने खोटा पोशाख सोडवून पायांशी ढकलला. खरा आतून चुरगळला होता. सपाता कोठीतच राहिल्या होत्या.

"केव्हा ओळखलंस?" तिने विचारलं.

ओब्राद तिच्याकडे वळला. "तू चष्मा वर सरकवायला आलीस तेव्हा."

ती हसली आणि बाहेर बघू लागली. चर्चच्या डोंगराकडे वळण आलं. ओब्रादने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, एक डबी काढली, डबीतून चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि नाकावर चढवला.

स्तामेनाने बघितलं. आधी चष्म्याकडे, मग त्याच्याकडे.

"हा कुठला?"

"दुसरा. माझ्याकडे नेहमी दोन असतात. गायी लाथा मारतात."

स्तामेना त्याच्याकडे वळून बसली.

"तार दिसली होती तुला?"

"येताना. वळणावरून. उन्हात चमकत होती."

"आणि नवरी दाखवा म्हणून ओरडलास."

"हो."

"मी बाहेर आलेच नसते तर?"

ओब्रादने चष्मा वर सरकवायला हात उचलला. पण तिचं बोट आधी पोहोचलं होतं. तिने चष्मा सरकवला नाही. काढला, घडी केली आणि स्रेतेनमामाच्या उजव्या बुटात, घोट्याशी, नीट खोचून ठेवला.

"काय करतेस? चर्चच्या पायऱ्या..."

"मी आहे की," स्तामेना म्हणाली. "माझा हात धर."